दुसऱ्या बेडूकगाडीचा मुहूर्त

“दोन्हींतली कुठली घेऊ, एवढंच सांगा, बाबा.”

“तुझी पहिली कशी आहे?”

“पहिलीचं कुठं काढलंय मी? दुसरीचं विचारतोय.”

“ऐकलं...” भानगिरीबाबा म्हणाले आणि चिमट्यानं धुनीतलं लाकूड पुढे सरकवलं.

हिंदुराव शेलार मठाच्या पायरीवर बसला होता. बाबांसमोर खाली जमिनीवर बसायची गावाची रीत होती. पण पँट इस्त्रीची होती, आणि हिंदुराव आता पूर्वीसारखा ऐरागैरा राहिला नव्हता. धारदऱ्याच्या पठारावर, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून त्याचे तंबू होते. शनिवार-रविवार पुण्या-सांगलीच्या मोटारी त्याच्या दारात लागायच्या. त्यामुळे तो सल्ला विचारायला यायचा खरा, पण त्याला सल्ला नको असायचा. मान डोलावणारं माणूस हवं असायचं.

आजचा प्रश्न बेडूकगाडीचा होता.

पाहुणे तिला एटीव्ही म्हणत. चार जाडजूड चाकं, वर मोटरसायकलीसारखं हँडल, ना छप्पर ना दार. कातळावरून उड्या मारत जाते म्हणून गावानं तिचं बारसं बेडूकगाडी असं केलं होतं. हिंदुरावाकडे ती एक होती, आणि एकच असणं हे दुखणं होऊन बसलं होतं. चार मित्र आले की एक जण गाडीवर आणि तिघं फोन हातात धरून उभे. दोन भाऊ आले की आधी कोण, यावरून भांडण. पाण्यापलीकडच्या कॅम्पवाल्यानं तर चार गाड्या आणल्या होत्या आणि घाटाच्या तोंडाशी फलकावर चारही रंगवून ठेवल्या होत्या. तो फलक बघितला की हिंदुरावाच्या अंगाची लाही लाही व्हायची.

“एक नवी बघून ठेवलीय, कराडात,” तो म्हणाला. “हप्त्यानं देतोय. पर लई लहान. लेकरांचं खेळणं. जाडा गडी बसला की चढाला कुंथती. आन् दुसरी ही.”

त्यानं अंगठ्यानं मागे दाखवलं.

अंगणात दोन बेडूकगाड्या उभ्या होत्या. पुढे त्याची स्वतःची, हिरवी. तिच्या मागे बांबूनं जखडून ओढत आणलेली पिवळी.

“कोकणात किनाऱ्यावर एक कॅम्प बंद पडला, त्यांची हाय. वापरलेली. पर इंजिन बघा की! दोन माणसं हासत ओढती. नवीच्या निम्म्यात बी न्हाई किंमत. उद्यापतुर ठेवून घेतलीय.”

“कुणासाठी घेतोस?”

“पाहुण्यांसाठी. मला काय करायची?”

“पाहुणा म्हणजे कोण रे?”

“कोण म्हंजी? जो पैसे देऊन ऱ्हातो, तो.”

“असं होय...” बाबा म्हणाले. “चालवून बघितलीस?”

“काय बोलताय, बाबा! पुजेच्या आधी कोण बसतं व्हय गाडीवर?”

हे मात्र खरं होतं. धारदऱ्यात ती पक्की रीत होती. ट्रॅक्टर असो, जीप असो, नाहीतर कॉलेजला जाणाऱ्या पोरीची स्कूटर, दारात आलेली गाडी आधी मठात यायची. चाकाखाली लिंबू, पुढ्यात नारळ, आणि शेवटी बाबांनी आपला चिमटा गाडीच्या अंगाला टेकवायचा. तोवर तिच्यावर कुणी बसायचं नाही. म्हणून तर मठाच्या चढावर नवी गाडी नेहमी ढकलत नाहीतर ओढत यायची. तिचा ब्रेक लागतो की नाही, हे कुणी बघितलेलं नसायचं, आणि एकदा चिमटा लागला की मग बघायची गरजच काय! देवावरचा भरवसा आणि माणसाचा आळस, दोघांचं असं फार छान जमतं.

“नारळ आणलाय, लिंबं आणल्यात,” हिंदुरावानं पिशवी पुढे केली. “तुमी निसता चिमटा लावा.”

म्हणजे आला होता ‘कुठली घेऊ’ विचारायला, आणि येताना नारळ घेऊन आला होता.

बाबा उठले नाहीत. ते हिरव्या गाडीकडे बघत होते.

“पहिली तांबडी होती, हिंदुराव.”

“...अं?”

“मी चिमटा लावला तेव्हा. तांबडी होती.”

“व्हय, ती... उन्हानं रंग उडाला तिचा. पठारावरचं ऊन तुमाला ठावं हाय. म्हणून हिरवा मारून घेतला. पाहुण्यांना बी बरा वाटतो. निसर्ग, निसर्ग करत्यात.”

“उन्हानं.”

“उन्हानंच की.”

बाबांनी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर हिंदुरावाला परवडलं असतं, त्याच्याकडे उत्तरं तयार होती. हे गप्प बसणं त्याला सोसेना. तो इकडेतिकडे बघायला लागला आणि त्याची नजर मठाच्या उंबऱ्याशी अडकली.

तिथं बूट काढून ठेवले होते. बदामी, नाडीचे, शहरी बूट. टाचा झिजलेल्या, वर घाटातली धूळ.

“पाहुणा आलाय जणू कोण?”

“आत पडलाय. दर महिन्याला येतो. घाट चालत चढून येतो.”

“चालत? कुठला म्हणायचा?”

“सांगलीचा. मगदूम.”

हिंदुरावानं बुटांवरची नजर काढून घेतली.

अभिनंदन मगदूम. दिवाळीच्या सुट्टीत बायकोला घेऊन कॅम्पवर आला होता. पद्मजा तिचं नाव. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तांबड्या बेडूकगाडीवर तो पुढे आणि ती मागे असे निघाले, तेव्हा तिनं तंबूपाशी उभ्या असलेल्या हिंदुरावालाही हात केला होता. माणूस आनंदात असलं की ओळख नसलेल्यांनाही हात करतं. कातळाच्या उतारावर गाडी थांबली नाही. कडेच्या दगडावर चढली, उलटली, आणि पद्मजा खाली सापडली. जीप हिंदुरावानंच काढली. घाट उतरता उतरता ती गेली. तिचं डोकं नवऱ्याच्या मांडीवर होतं आणि नवरा सारखं एकच म्हणत होता, “मी ब्रेक दाबला होता... दाबला होता ना मी?”

पंचनाम्यात आलं की गाडी सुस्थितीत होती, चालवणाऱ्याचा ताबा सुटला.

गाडी सुस्थितीत होती हे खोटं नव्हतं. पंचनाम्याची माणसं बघायला आली तेव्हा ती होतीच. त्याआधी, जीप परत आणल्या आणल्या, हिंदुरावानं पाना घेऊन ब्रेकची सैल पडलेली तार आवळून ठेवली होती. तार दोन दिवसांपासून सैल होती. ब्रेक हाताला मऊ लागतोय, हे त्याला कळलं होतं. पण सुट्टीची गर्दी होती, गाडीसाठी रांग लागली होती, म्हणून गर्दी ओसरली की बघू असं त्यानं ठरवलं. बस्, एवढंच. कुणाचं वाईट व्हावं असं त्याच्या मनातसुद्धा नव्हतं. बहुतेक पापं अशीच होतात, मनात काही नसताना.

ही गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची. मात्र ती मूठ आवळून आवळून त्याची झोप गेली होती, आणि झोप का गेली ते तो स्वतःलाही विचारत नव्हता.

“कशाला येतो ह्यो?” आवाज जमेल तितका साधा ठेवून त्यानं विचारलं.

“एक प्रश्न विचारायला.”

“कसला?”

“त्यानं ब्रेक दाबला होता का...”

हिंदुरावानं लिंबांच्या पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

“दर खेपेला तेच विचारतो. मी काय सांगू त्याला? मी तिथं नव्हतो.”

“मी बी नव्हतो! मी तंबूपाशी हुतो!” हिंदुराव एकदम चढ्या आवाजात म्हणाला, मग दाराकडे बघून खाली आला. “त्याला म्हणावं, झालं ते झालं. शिकला-सवरलेला हाय. इसरून जा म्हणावं.”

“असं सांगू?”

“सांगा की. तुमचं ऐकंल.”

“तिच्या आईनं त्याला दाराबाहेर काढलं. लेक खाल्लीस म्हणाली.”

हिंदुरावानं पायरीवरची धूळ हातानं झाडली.

“त्यानं गाडी चालवायची सोडलीय. सायकलसुद्धा धरत नाही. म्हणतो, माझ्या हाताचा मला भरवसा नाही. म्हणून चालत येतो.”

हिंदुरावाला लाज वाटली. आतून, पोटातून वाटली. पण लाज सोसायची त्याला सवय नव्हती, आणि ज्याला लाज सोसत नाही त्याला राग लगेच येतो.

“आन् तुमचा चिमटा?” तो म्हणाला. “पहिलीला तुमीच लावला हुता की. ह्याच हातानं. काय उपेग झाला? माणूस गेलंच न्हवं!”

धारदऱ्यात बाबांना असं कुणी बोललं नव्हतं. बोलून गेल्यावर हिंदुराव एक पायरी खाली सरकला.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी हातातला चिमटा उलटसुलट करून बघितला.

“खरं बोललास,” ते म्हणाले. “चिमट्याच्या भरवशावर तू राहिलास. तुझ्या भरवशावर तो राहिला... आणि त्याच्या भरवशावर ती मागं बसली.”

मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

“चल. लावू चिमटा.”

हिंदुरावाचा जीव भांड्यात पडला. म्हणजे बाबा मानले. म्हातारी माणसं बोलतात थोडं, मनात काही धरत नाहीत. त्यानं लगबगीनं लिंबं काढली, पिवळ्या गाडीच्या पुढच्या चाकांखाली एक एक ठेवलं, हँडलला झेंडूची माळ अडकवली, कुंकू लावलं. नारळ एका घावात फुटला. पाणी चाकावर उडालं, पायरीपर्यंत गेलं.

“एका दणक्यात फुटला, बाबा! लाभणार गाडी. आता जोडीनं पाठवतो बघा. एक पुढं, एक मागं. फोटो बी झ्याक येत्यात दोन असल्या की. ती कराडची नवी घेऊन काय, शोभेला ठेवायची? हितं कसं, स्वस्तात काम झालं आन् माल बी दणकट.”

तो बोलत राहिला. बाबा गाडीभोवती एक फेरी मारून आले. मग चिमटा पुढे केला.

दर वेळी ते चिमटा टेकवायचे आणि उचलायचे. आज त्यांनी त्याचं टोक पिवळ्या अंगावर ठेवलं, दाबलं, आणि सरळ खाली ओढलं.

“अहो! अहो, बाबा! काय करताय...”

रंगाची लांब साल निघाली आणि चिमट्याला लोंबकळली.

खाली निळं होतं.

“निळी आहे ही,” बाबा म्हणाले.

हिंदुराव वाकला. नखानं त्यानं आणखी थोडा रंग उचकटला. आणखी निळं. त्याचं डोकं सणकलं.

“फसवलं! फसवलं मला त्यानं! मला म्हणला, एका हातची गाडी हाय, जशीच्या तशी हाय... अपघाताची गाडी हाय ही, बाबा! हिनं माणूस पाडलंय कुणाचं तरी!”

“कशावरून?”

“रंग दिलाय की!”

“उन्हानं उडाला असेल.”

“उन्हानं?”

“किनाऱ्यावरचं ऊन...”

“उन्हासाठी कोण सगळी गाडी रंगवतंय व्हय!” हिंदुराव आता भडकला होता, हात हलवून बोलत होता. “रंग देत्यात ते झाकायला! गाडी कुणी वळखू ने म्हणून! थांबा, दावतोच तुमाला...”

तो गाडीपाशी गुडघे टेकून बसला. इस्त्रीची पँट नारळाच्या पाण्यात भिजली, त्याचं त्याला भान नव्हतं. पुढच्या मडगार्डच्या खालून त्यानं हात घातला. चाचपलं नाही, शोधलं नाही. हात नेमका तिथंच गेला.

“हे बघा! हितं चीर पडलेली, ती बुजवलीय. गाडी उलटली की हितंच तडकती. आन् ही ब्रेकची तार बघा. नटावर पान्याचे वरखडे हायती. सैल असती ती आधी, लक्ष देत न्हाईत, आन् मागनं माणसं बघायला यायच्या आत घाईनं आवळून...”

तो थांबला.

वाक्य तसंच अर्धं राहिलं. त्याचा हात अजून मडगार्डखाली होता. तिथली बुजवलेली चीर बोटाला लागत होती, आणि ती कुणाच्या गाडीची चीर आहे, हे त्याच्या बोटाला क्षणभर कळेना.



अंगणात ऊन होतं. पिवळी साल चिमट्याला तशीच लोंबकळत होती.

मठाचं दार करकरलं.

आवाजानं जाग आली असावी. अभिनंदन मगदूम उंबऱ्यात उभा होता. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला, गालफडं बसलेली. तीस वर्षांचाही नसेल, पण बघणाऱ्यानं काका म्हटलं असतं. त्यानं अंगणातल्या दोन्ही गाड्यांकडे बघितलं आणि पटकन मान वळवली. हिरवी त्यानं ओळखली नाही. त्याच्या आठवणीतली गाडी तांबडी होती.

मग त्याला गुडघ्यावर बसलेला हिंदुराव दिसला.

“शेलारसाहेब ना?”

हिंदुरावानं मडगार्डखालचा हात बाहेर काढला.

अभिनंदन तसाच अनवाणी पायऱ्या उतरला. “बरं झालं भेटलात. दर वेळी तुमच्या कॅम्पपर्यंत जातो आणि परत फिरतो. धीरच होत नाही.” तो दोन पावलं पुढे आला. “तुमचे आभार मानायचे राहिलेत. त्या दिवशी तुम्ही सगळं टाकून जीप काढलीत. घाटात एवढी जोरात नेलीत. दुसऱ्या कुणी एवढं केलं नसतं... आणि मी मात्र तुमची गाडी खराब करून ठेवली.”

त्यानं हात जोडले.

हिंदुरावाला उठून पळावंसं वाटलं. त्याहून जास्त, त्या माणसाच्या पायाशी पडून ओरडून रडावंसं वाटलं. दोन्हींतलं काहीच झालं नाही. समोरच्यानं हात जोडले की आपले जुळायचे, ही जन्माची सवय, म्हणून त्याचेही हात वर आले. एका हाताच्या नखात पिवळा रंग अडकला होता.

“बाबा...” तो कसाबसा म्हणाला. “बाबा, ही दुसरी... घेऊ का नको, तेवढं...”

बाबांनी चिमट्याची साल झटकली. हिंदुरावाचे जुळत आलेले हात त्यांनी सोडवले, चिमटा त्याच्या मुठीत दिला आणि त्याचं टोक हिरव्या गाडीकडे वळवलं.

“दुसरीचं मग बघू, हिंदुराव. आधी पहिली.”